घरच्या घरी तीन कामे : तोरण, धोंडस आणि गोधडी

पाऊस सरला. आभाळ मोकळे झाले. भाताच्या लोंब्या वाकल्या. बांधावर झेंडू फुलला. दुपारी ऊन चटका देते. पहाटे मात्र अंगावर काहीतरी ओढून घ्यावेसे वाटते. हा शरद ऋतू. आश्विन आणि कार्तिक हे त्याचे दोन महिने.

या दोन महिन्यांत दसरा येतो, कोजागरी येते, दिवाळी येते. सण म्हटला की खर्च आला. दाराला तोरण हवे. घरात गोडधोड हवे. दिवाळी सरते तोच थंडी पडते, मग पांघरूण हवे. आणि नेमका याच वेळी हातात पैसा कमी असतो. पीक अजून रानात असते. मग माणूस उधारी करतो. सण चार दिवसांत संपतो. उधारी मात्र उन्हाळ्यापर्यंत सोबत करते.

या पाठात आम्ही तीन कामे सांगणार आहोत. पहिले दाराचे, दुसरे चुलीचे, तिसरे सुईचे. तिन्हींचे बहुतेक सामान घरातच किंवा बांधावर सापडते. चौथे एक काम आहे, ते वहीचे. ते या तिघांच्या मध्येच येईल.

१. झेंडूचे तोरण

झेंडूला आपण आपलेच फूल समजतो. पण झेंडूचे मूळ मेक्सिको देशाकडचे. सातासमुद्रापलीकडून तो आला आणि दसऱ्याचा मानकरी होऊन बसला!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात फुलांचा भाव चढतो. म्हणून आधी हिशेब करा, मग फुले घ्या किंवा तोडा.

समजा, तुमचे दार साडेतीन फूट रुंद आहे. एका फुटाचे इंच १२. म्हणजे दाराची रुंदी ४२ इंच झाली. मध्यम झेंडू दीड इंचाचा असतो. ४२ इंचांत दीड इंचाची २८ फुले बसतात. दोन्ही बाजूंना एक-एक फूट लोंबती माळ हवी असेल, तर एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला ८ फुले. सगळी मिळून ४४ फुले झाली. दर ४ फुलांमागे आंब्याचे १ पान धरा. पाने ११ लागतील. बस्स. एवढ्यासाठी टोपलीभर फुले कशाला?

आता कृती :

१. फुले सकाळी लवकर तोडा. ओल्या फडक्यात झाकून ठेवा.

२. जाड दोरा घ्या. तो दाराच्या रुंदीपेक्षा तीन फूट जास्त हवा. दोन फूट लोंबत्या माळांचे, एक फूट गाठींचे.

३. सुई पाकळ्यांतून घालू नका. फुलाच्या खालच्या हिरव्या, जाड भागातून आरपार घाला. तिथे फूल पक्के बसते, गळत नाही.

४. आंब्याचे पान देठाकडून दुमडा. दुमडलेल्या भागातून सुई घाला.

५. कोकणात तोरणात भाताच्या नव्या लोंब्याही बांधतात. तुमच्याकडे बाजरीचे कणीस असेल तर तेही शोभते. ज्याच्या रानात जे पिकले, ते त्याने दारी लावावे. त्याची शोभा विकतच्या प्लॅस्टिकच्या फुलांना येत नाही.

सण झाला की तोरण ओढ्यात टाकू नका. सावलीत वाळवा. फूल पुरते वाळले की ते उघडून पाहा. आत काळ्या, बारीक काड्या दिसतील. त्यांना फिकट शेपटी असते. हेच झेंडूचे बी. ते कागदाच्या पुडीत बांधा. पुडीवर लिहा : झेंडू, रंग कोणता, कोणत्या महिन्यात ठेवले. पुढच्या वर्षी आषाढात पेरा. दोन-सव्वादोन महिन्यांत फुले येतात, म्हणजे दसऱ्याला घरची फुले मिळतात. विकतच्या संकरित झेंडूचे बी मात्र नेहमी तसेच फूल देत नाही. घरच्या देशी झेंडूचे बी धरावे.

आपट्याबद्दल एक शब्द. सोने म्हणून आपण आपट्याची पाने वाटतो. त्यासाठी फांद्याच्या फांद्या मोडू नका. एका माणसाला एक पान पुरते. झाड राहिले तर पुढच्या दसऱ्यालाही सोने मिळेल.

२. काकडीचे धोंडस

पाव-बिस्किटे भट्टीत भाजतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्याकडे भट्टी नसतानाही भाजण्याची जुनी रीत आहे. खाली निखारे, वर निखारे, मध्ये पातेले. कोकणात आणि गोव्यात या रीतीने मोठ्या काकडीचा गोड पदार्थ करतात. कुठे त्याला धोंडस म्हणतात, कुठे तवसोळी. तवसे म्हणजे मोठी काकडी. पावसाळ्यात ती मांडवावर धरते. जून काकडी घरात आढ्याला टांगून ठेवतात. ती बरेच दिवस टिकते.

सामान :

किसलेली काकडी, पाण्यासकट : २ वाट्या
तांदळाचा रवा : १ वाटी
चिरलेला गूळ : १ वाटी
ओले खोबरे : अर्धी वाटी
तूप : २ चमचे, पातेल्याला लावायला थोडे वेगळे
वेलदोडे : ३ किंवा ४
मीठ : १ चिमूट
हळदीचे पान, मिळाल्यास : १

कृती :

१. आधी काकडीचा तुकडा चाखून पाहा. कडू लागली तर ती काकडी टाकून द्या. गूळ घालून कडूपणा झाकू नका. कडू काकडी पोटाला बाधते.

२. साल आणि जून बिया काढा. काकडी किसा. किसाचे पाणी फेकू नका.

३. तुपावर रवा मंद आचेवर भाजा. खमंग वास आला की उतरवा.

४. दुसऱ्या भांड्यात कीस, गूळ, खोबरे आणि मीठ एकत्र करून उकळी आणा. गूळ विरघळला पाहिजे.

५. त्यात रवा थोडा-थोडा घाला आणि ढवळत राहा. गुठळी होऊ देऊ नका. फार कोरडे वाटले तर अर्धी वाटी गरम पाणी घाला. झाकण ठेवून दहा मिनिटे शिजवा. शेवटी वेलदोड्याची पूड घाला.

६. जाड बुडाच्या पातेल्याला तूप लावा. तळाशी हळदीचे पान पसरा. त्यावर मिश्रण ओतून सपाट करा.

७. पातेले मंद निखाऱ्यांवर ठेवा. वर लोखंडी किंवा पितळी ताट झाका. ताटावर थोडे निखारे ठेवा. अर्ध्या तासाने सुरीचे टोक खुपसून पाहा. टोक कोरडे निघाले की झाले.

८. पुरते निवू द्या. मगच वड्या कापा. गरम कापाल तर मोडतील.

गॅसची शेगडी असेल तर जाड तव्यावर पातेले ठेवा आणि आच अगदी बारीक करा. वरची बाजू तेवढी तांबूस होणार नाही, चव मात्र तीच.

एक सावधगिरी. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. निखाऱ्यांतून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. म्हणून तो आल्याचे कळत नाही आणि माणूस झोपेतच दगावतो. दार-खिडकी उघडी असू द्या. थंडीच्या दिवसांत शेकोटी पेटवतानाही हे ध्यानात ठेवा.

वहीचे काम

आमच्या माहितीतल्या एका घरात एक आजी होत्या. धोंडस करावे तर त्यांनीच, असे सारी आळी म्हणे. सून विचारी, "आई, गूळ किती घालायचा?" आजी सांगत, "लागंल तेवढा." "रवा किती वेळ भाजायचा?" "वास येईपर्यंत." बाईंचे उत्तर खोटे नव्हते. त्यांच्या मुठीलाच माप ठाऊक होते. पण मूठ सुनेची नव्हती.

सुनेने त्याच वर्षी साक्षरतेच्या वर्गात अक्षर गिरवले होते. तिने एक युक्ती केली. सासूने मुठीत गूळ घेतला की ती म्हणे, "आई, आधी या वाटीत टाका." वाटी कुठवर भरली ते ती पाही आणि मगच गूळ पातेल्यात जाई. रव्याचे तसेच, खोबऱ्याचे तसेच. सासू हसायच्या. "अगं, वाटीनं का चव येते?" पण त्या वाटीत टाकत गेल्या. सुनेने वाकड्यातिकड्या अक्षरांत सगळे लिहून घेतले.

पुढच्या वर्षी आजी राहिल्या नाहीत. आश्विनात सुनेने वही उघडली. पहिले धोंडस थोडे घट्ट झाले. तिने वहीत खाली लिहिले : "पाणी थोडे जास्त." दुसरे बरोबर साधले. घरातल्या म्हाताऱ्याने एक वडी खाल्ली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तिच्याच हातचं लागतं गं."

वाचकहो, अक्षर शिकून काय मिळाले, असे तुम्हाला कोणी विचारले तर ही गोष्ट सांगा. सही करता येते, बसची पाटी वाचता येते, हे तर आहेच. पण आपल्या आईच्या, आजीच्या हातात जे ज्ञान आहे ते कोणत्याही छापील पुस्तकात नाही. माणूस जाते तेव्हा तेही जाते. ते धरून ठेवायचे तर लिहावे लागते, आणि ते लिहिणारा घरचाच हवा. घरात वडील माणूस असेल तर या दिवाळीतच लिहून घ्या. पुढच्या दिवाळीवर टाकू नका.

३. जुन्या लुगड्यांची गोधडी

आता सुईचे काम. आश्विनातले ऊन कडक असते. कपडे धुऊन खडखडीत वाळवायला याहून चांगले दिवस नाहीत. म्हणून गोधडी आत्ता घालायला घ्या. थंडी पडेपर्यंत ती पुरी होते. कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात.

पहिल्यांदा माप. एका माणसाची गोधडी ६ फूट लांब आणि सुमारे ४ फूट रुंद धरा. लुगड्याचा पन्हा साधारण तेवढाच असतो. नऊवारी लुगडे ९ वार, एका वाराचे ३ फूट. म्हणून २७ फूट लांबी झाली. त्यातून ६ फुटांचे ४ तुकडे निघतात आणि ३ फूट उरतात. उरलेला भाग विरलेल्या जागी ठिगळ लावायला घ्या. म्हणजे एका लुगड्याचे ४ थर झाले. दोन लुगड्यांचे ८ थर. एवढ्यात चांगली ऊबदार गोधडी होते.

पातळ कापडांच्या थरांनी ऊब कशी येते? थराथरांमध्ये हवा अडकते. ती हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कापडापेक्षा आठ पातळ थर बरे.

कृती :

१. कापड सुती घ्या. नायलॉनसारखे कापड घाम शोषत नाही आणि विस्तवाजवळ वितळून अंगाला चिकटते. लहान मुलांच्या गोधडीत ते मुळीच घालू नका.

२. कापड गरम पाण्यात साबणाने धुवा. दोन दिवस उन्हात वाळवा.

३. स्वच्छ जमिनीवर एकावर एक थर पसरा. फाटके तुकडे मध्ये, धड तुकडे वर आणि खाली. प्रत्येक थराची सुरकुती हाताने काढा. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा.

४. आधी वीत-वीत अंतरावर लांब, कच्चे टाके घाला. थर सरकत नाहीत. ही पायरी गाळू नका.

५. आता कडा आत दुमडून कडेने धावदोरा घाला. चारी बाजू फिरून आलात की दोन बोटे आत सरका आणि पुन्हा फिरा. असे फिरत-फिरत मध्यावर या.

६. दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नका. लांब दोरा गुंततो. गाठ थरांच्या आत लपवा.

७. बसताना सुया मोजा. उठताना पुन्हा मोजा. एक जरी कमी असेल तरी शोधल्याशिवाय गोधडी घडी करू नका. त्यावर लेकरू निजणार आहे.

गोधडी एकटीने घालायचे काम नव्हे. चार शेजारणी चार बाजूंना बसल्या तर काम हलके होते. गप्पाही होतात. बापयांनी सुईला हात लावू नये असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? शिंपीदादा सुईवरच संसार करतात.

गोधडी पुरी झाली की एका कोपऱ्यात दोऱ्याने नाव आणि साल घाला. अक्षर कागदावरच काढावे असे थोडेच आहे!

अभ्यास

(अ) शब्द वाचा आणि लिहा : तोरण, लोंबी, निखारा, गूळ, पन्हा, धावदोरा, ठिगळ.

(आ) उत्तरे लिहा :
१. सुई झेंडूच्या कोणत्या भागातून घालावी? का?
२. काकडी आधी चाखून का पाहावी?
३. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत का ठेवू नये?
४. सुनेने सासूच्या मुठीचे माप कसे काढले?

(इ) हिशेब करा :
१. दार ३ फूट रुंद आहे. फूल दीड इंचाचे आहे. लोंबत्या माळा नकोत. फुले किती लागतील?
२. पाचवारी साडी ५ वार धरली तर ती किती फूट झाली? तिचे ६ फुटांचे किती तुकडे निघतील? किती फूट उरेल?

(ई) करून पाहा : घरातल्या वडील माणसाला त्यांच्या हातचा एक पदार्थ विचारा. मूठ वाटीत मोजा. माप वहीत लिहा. वर त्यांचे नाव घाला आणि ते त्यांना वाचून दाखवा.