बँकेचे दार आणि मोहल्ल्याचा पत्ता

बँकेत गरीब-श्रीमंत सर्वांना सारखी वागणूक मिळते, असे आपण ऐकत आलो आहोत. भिवंडी-मालेगावात मागावर उभा राहणारा मजूर, गाळ्यात चार माग टाकून बसलेला छोटा मालक किंवा घरी शिलाईकाम करणारी विधवा भगिनी यांना विचारा. त्यांची पहिली अडचण पैशाची नसते, पत्त्याची असते. खोलीचा भाडेकरार नाही, वीजबिल घरमालकाच्या नावावर आणि रेशनकार्ड उत्तर प्रदेशातल्या गावाचे! काउंटरवरून 'उद्या या' असे उत्तर मिळते आणि त्या उद्यापायी मजुराची एक पाळी बुडते.

मोहल्ल्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. काही बँका ठरावीक भाग 'नकारात्मक क्षेत्र' ठरवतात आणि तेथे कर्ज व इतर सोयी सहजासहजी देत नाहीत, असे न्या. राजेंद्र सच्चर समितीने 2006 च्या अहवालात नोंदवले. मुस्लिमबहुल वस्त्यांच्या संदर्भातच ही नोंद आहे. म्हणजे अर्जदाराची वही उघडण्याआधीच त्याच्या गल्लीचे नाव वाचून निकाल लागतो.

याची किंमत किती पडते ते आम्हा कापडवाल्यांना चांगले ठाऊक आहे. बँकेचे भांडवल नसलेला मागवाला सूत उधारीवर उचलतो. समजा, रोखीत 200 रुपये किलोचे सूत त्याला 45 दिवसांच्या मुदतीने 208 रुपयांना मिळाले. आठ रुपये काही फार वाटत नाहीत. पण हे दीड महिन्याला चार टक्के झाले आणि वर्षात असे आठ फेरे होतात. बत्तीस टक्के! बँकेचा दर याच्या निम्म्याहूनही कमी असतो. शिवाय ज्याचे सूत त्यालाच कापड द्यायचे, म्हणजे भावही तोच ठरवणार. व्याज नको म्हणून बँकेपासून दूर राहणाऱ्या बांधवांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. चालू खात्यावर तर व्याज मिळतही नाही, मग निदान खात्याला हरकत कसली?

आता नियम काय म्हणतो ते पाहू. रिझर्व्ह बँकेने 2012 मध्ये सर्व बँकांना मूलभूत बचत खाते द्यायला सांगितले. त्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नाही. 2014 ची जनधन खाती याच प्रकारची आहेत. पत्त्याचा पुरावा एकच पुरे, मग तो गावचा असो वा इथला, असे रिझर्व्ह बँकेने 2014 मध्येच स्पष्ट केले. गावच्या पत्त्याचे आधार असेल तर सध्याचा पत्ता स्वतः लिहून देता येतो. आणि कोणताच मान्य कागद नसेल तर 'लहान खाते' निघते. त्यासाठी फोटो द्यायचा आणि बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. त्यात शिल्लक 50 हजारांपर्यंत, वर्षाची जमा एक लाखापर्यंत आणि महिन्याची उचल दहा हजारांपर्यंत चालते. हे खाते बारा महिन्यांपुरते असते. तेवढ्यात कागदपत्रांसाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा महिने मिळतात.

मजूर गावी जातो, खाते पडून राहते. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होते. एप्रिल 2024 पासून अशा खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही, आणि ते पुन्हा चालू करण्यासाठीही पैसे घेता येत नाहीत.

कर्जाची गोष्ट मात्र नुसत्या खात्याने सुटत नाही. लघुउद्योगाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने 2010 मध्ये दिला. तरी घराचे कागद मागणारे शाखाधिकारी भेटतातच. पण तारण नको म्हटले की बँक व्यवहाराची नोंद पाहणार, हे उघड आहे. आपल्या मागवाल्यांची उलाढाल मोठी असते, पण सगळी रोखीत आणि चिठ्ठीवर. बँकेला ती दिसणार कशी? मजुरीचे पैसे व्यापाऱ्याकडून चेकने किंवा थेट खात्यात मागावेत. व्यापारी कुरकुर करील, कारण रोखीत त्याची सोय असते. तरी मागावेत. उद्यम नोंदणी 2020 पासून आहे. ती विनामूल्य होते, दलालाला पैसे देण्याचे कारण नाही.

एवढे करूनही नकार मिळाला तर तो तोंडी ऐकून परतू नये. अर्ज दोन प्रतींत न्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी आणि नकाराचे कारण लेखी मागावे. आमच्या ओळखीच्या एका रंगारी कारागिराला एका बँकेने तीन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. कारण लेखी मागताच त्याचा अर्ज दाखल करून घेतला गेला. तसे झाले नाही तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही आणि वकील लागत नाही. मात्र शिक्क्याची ती प्रत जवळ हवी.