भार तोच, ताण वेगळा का?

स्ट्रेस म्हणजे काय असं ओरलला विचारलं, तर आपण झोपेतही सांगू : भार भागिले क्षेत्रफळ. पण सबमिशनच्या आठवड्यात होणाऱ्या धडधडीला असं सुटसुटीत सूत्र नाही. एकाच बॅचच्या दोघांना एम-थ्रीत केटी लागते. एक दुसऱ्या दिवशी जुने पेपर गोळा करत फिरतो, तर दुसरा चार दिवस मेसमध्येही दिसत नाही. भार तोच, मग ताण वेगळा का?

त्रास कुठलाही असो, शरीर त्याला साधारण एकाच पद्धतीने तोंड देतं, असं माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांवरून मांडलं. पुढे 'स्ट्रेस' हा शब्द त्यांनीच वैद्यकशास्त्रात रुजवला. मात्र माणसाचं मन मध्ये येतं, हे रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर सांगितलं. संकट आलं की मन दोन प्रश्न विचारतं. यात माझं काय जाणार आहे? आणि माझ्या हातात काय आहे? या दोन उत्तरांवर ताण किती येणार ते बरंचसं ठरतं.

दृष्टिकोन म्हणतात तो हाच. "मी ढ आहे" या वाक्यावर काहीच उपाय करता येत नाही. "माझं इंटिग्रेशन कच्चं आहे" यावर करता येतो. रिझल्ट तोच, पण दुसऱ्या वाक्यात आपल्या हाताला काहीतरी काम मिळतं.

विनोदाचं कामही इथेच असतं. ज्या गोष्टीवर आपण हसू शकतो, तिच्यापासून क्षणभर का होईना, दोन पावलं लांब उभे राहतो. मनसोक्त हसल्यावर आखडलेले स्नायू सैल पडतात, ते वेगळंच. व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल नाझी छळछावणीत मजुरी करत होते. सुटकेनंतर काय काय गमती होतील, याची रोज एक तरी गोष्ट रचायची, असं त्यांनी सोबतच्या मित्राला सुचवलं होतं. छावणी त्यामुळे बदलली नाही, पण मन तेवढा वेळ तिच्या बाहेर जाऊन येई.

मग काय, हसा म्हणजे झालं? तसंही नाही. कॅनडाचे रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. पहिली, सगळ्यांना सामावून घेणारी : लाईट गेल्यावर कॉरिडॉरमध्ये रंगणारी मैफल. दुसरी, अडचणीतही स्वतःशी हसून सावरणारी. तिसरी, दुसऱ्याची टर उडवणारी. चौथी, चार जणांना हसवण्यासाठी स्वतःलाच पायाखाली घेणारी. पहिल्या दोन तऱ्हा समाधानी माणसांत जास्त दिसतात. चौथीबरोबर बरेचदा चिंता, नैराश्य आणि स्वतःबद्दलची कमी किंमत आढळते. यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण खूण म्हणून ती पुरेशी आहे.

आपल्या होस्टेलवर तिसऱ्या आणि चौथ्या तऱ्हेला तोटा नाही. एखाद्याच्या इंग्रजीवर, गावावर, बॅकलॉगवर नाव पडतं आणि ते चार वर्षं चिकटतं. तोही हसतो, कारण हसला नाही तर आणखी खेचतील. आणि कुणी रोज म्हणतो, "आपलं काय, आपण इयर डाऊनचे आजीव सभासद!" सगळे हसतात. तो बरा आहे का, हे विचारायचं राहूनच जातं.

इलॅस्टिक लिमिटच्या आत असेपर्यंत पट्टी भार काढला की मूळ जागी येते. तिथवर विनोद उपयोगी. झोप उडाली, जेवण सुटलं, "जगून काय करायचं" अशी भाषा यायला लागली, तर पुढचा जोक नको. एकट्याला गाठून सरळ विचारा, ऐकून घ्या, त्याला एकटं सोडू नका आणि रेक्टर सरांना किंवा समुपदेशकांना सांगा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि ज्याची आपण रोज फिरकी घेतो, त्याला आज मेसमध्ये शेजारी बसवून एकदा नावाने हाक मारा. त्याच्या खऱ्या नावाने.