बेटावरची जमीन : तागा उलगडून पाहा

हाती चार पैसे शिल्लक राहिले की व्याजाच्या ठेवीपेक्षा जमीन बरी, असा विचार आपले व्यापारी व कारागीर बांधव करतात. तो रास्तच आहे. हल्ली उमरखेडच्या बाजारातही गोव्यातील ‘शांत बेटावरच्या’ प्लॉटचे बोलणे निघते, म्हणून या व्यवहाराची माहिती येथे देत आहोत.

मांडवी नदीत दिवाडी आणि चोडण ही बेटे आहेत. दिवाडीला जुन्या गोव्याहून फेरीबोटीने जावे लागते. चोडणच्या पश्चिम टोकाला खारफुटीत डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. ते १९८८ साली झाले. (हे थोर पक्षीशास्त्रज्ञ मुंबईच्या बोहरा घराण्यातले, हे आपल्या मुलांना सांगावे.) तेथली शांतता टिकली ती बांधकामावरील बंधनांमुळे, आणि नेमकी हीच गोष्ट दलाल सांगत नाही. आपल्या पैनगंगा अभयारण्यालगतच्या गावांना नियम काय असतात ते ठाऊक आहे. बेटावर त्यात भरतीच्या पाण्याचे नियम मिळतात.

किनाऱ्यासाठी केंद्र सरकारची सीआरझेड अधिसूचना प्रथम १९९१ साली निघाली. पुढे २०११ व २०१९ साली नवी आली. खारफुटीत घर बांधता येत नाही. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीला तेथे खाजन म्हणतात, तिलाही संरक्षण आहे. शिवाय २०२३ च्या गोव्याच्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यास मनाई झाली. परप्रांतीयाला तेथे घर घेण्यास बंदी नाही, पण स्वस्त म्हणून दाखवलेला तुकडा भातशेतीचा निघाला तर पैसा अडकलाच म्हणून समजा.

आपण कापडाचा तागा पुरता उलगडून पाहतो, मग आयुष्याची कमाई नुसत्या नकाशावर का द्यावी? आपल्याकडे सातबारा, तसा तेथे ‘एक-चौदा’चा उतारा असतो. त्यात कूळ किंवा मुंडकाराचे नाव आहे का ते पाहा. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा. १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला सहजी उठवता येत नाही. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावसंस्थेची, नाही ना, हेही पाहा. नगर नियोजन खात्याचा झोन दाखला आणि बिगरशेतीची सनद या दोन कागदांशिवाय पुढे जाऊ नये.

सर्वात मोठा फसवा धागा वारसाचा आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा चालतो. पती-पत्नीने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. उताऱ्यावर एकट्या पतीचे नाव असले तरी पत्नीची सही लागते. मालक वारला असेल तर त्याच्या सर्व वारसांची, मग ते मुंबईत असोत वा लिस्बनमध्ये. एक सही राहिली की दावा उभा राहतो.

इसार देताना पावतीत लिहून घ्यावे की झोन दाखला, सनद किंवा वारसांच्या सह्या न मिळाल्यास रक्कम पूर्ण परत मिळेल. इसार जप्त करण्याचा रिवाज हनफी फिकहला मान्य नाही. हंबली मात्र त्यास परवानगी देतात. मालाचा ऐब लपवणे कोणालाच जायज नाही. भावाभावांनी मिळून घेत असाल तर प्रत्येकाचा हिस्सा खरेदीखतातच नमूद करावा, आणि कागद तेथल्याच दिवाणी वकिलाकडून तपासून घ्यावेत, दलालाने आणलेल्या वकिलाकडून नव्हे.