वैमानिकाचे तास आणि वैमानिकाची विश्रांती

वैमानिकाची योग्यता केवळ उड्डाणाच्या तासांनी ठरते काय? १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळून ५० माणसे मृत्युमुखी पडली. वेग घटल्याचा इशारा मिळताच विमानाचे नाक खाली करावयाचे. कप्तानाने ते वर उचलले. सहवैमानिक बाई आदली रात्र प्रवासात घालवून कामावर आल्या होत्या. पुढे २०१३ मध्ये तेथे सहवैमानिकांसही सामान्यतः १५०० तासांच्या अनुभवाची अट लागू झाली. परंतु त्या दोघांच्याही गाठी २००० हून अधिक तास होतेच! २०१४ पासून कामापूर्वी १० तासांची विश्रांती सक्तीची झाली, ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. वैमानिकांचा कितीही तुटवडा भासो, शिक्षण व विश्रांती यांत काटकसर होता कामा नये.