नारिंगी दिवा लागला तर

विद्यार्थ्यांनो, दहावीचा निकाल तुम्ही मोबाइलवर पाहता. रेल्वेचे तिकीटही घरबसल्या काढता येते. ही माहिती मोबाइलमध्ये साठवलेली नसते. ती दूर कोठेतरी सर्व्हर नावाच्या संगणकात असते. मोबाइल मागतो आणि सर्व्हर देतो. हा संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याच्यापुढे पडदा किंवा कळफलक बहुधा नसतो. मग त्याची तब्येत कशी ओळखायची? त्याची दर्शनी बाजू पाहून!

सर्व्हर पोलादी चौकटीत एकावर एक बसवतात. या चौकटीला रॅक म्हणतात. रॅकमधील एक खण पावणेदोन इंच उंच असतो आणि उंच रॅकमध्ये असे ४२ खण असतात. समोर प्रत्येक सर्व्हरची छोटी पट्टी दिसते. तिच्यावर चालू-बंद करण्याचे बटण असते. ते क्षणभर दाबले, तर सर्व्हर आपली कामे आवरून बंद होतो. तेच बटण चार-पाच सेकंद दाबून धरले, तर वीज एकदम तुटते आणि अर्धवट लिहिलेली माहिती बिघडू शकते. म्हणून या बटणाला उगाच हात लावू नये.

शेजारी आणखी एक बटण असते. ते दाबले, की समोर आणि मागे निळा दिवा लागतो. याचा काय उपयोग? रॅकच्या मागे गेलात, की सगळे सर्व्हर सारखेच दिसतात. निळा दिवा सांगतो, ‘तुम्हाला हवा तो मीच!’ मला तर या पट्टीवरचे हेच बटण सर्वांत शहाणे वाटते.

आता डिस्ककडे वळू. माहिती डिस्कवर साठवतात. समोरच्या कप्प्यांत अशा अनेक डिस्क असतात. प्रत्येकीला कडी आणि लहान दिवे असतात. हिरवा दिवा लुकलुकला, की काम चालू आहे असे समजावे. नारिंगी दिवा लागला, तर बहुधा डिस्क बिघडली.

पण माहिती बुडत नाही. कशी, ते पाहा. एका डिस्कवर ४ लिहिले, दुसरीवर ७ आणि तिसरीवर त्यांची बेरीज ११. दुसरी डिस्क बिघडली, तर ११ मधून ४ वजा करा. ७ परत मिळाले! प्रत्यक्षात यंत्र असाच हिशेब ० आणि १ या अंकांवर करते. अशा रचनेला ‘रेड’ म्हणतात. अमेरिकेतील बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात ती मांडली.

आता विचार करा. दुसरी डिस्क बिघडलेली आहे आणि घाईत कोणी पहिली ओढून काढली. उरले फक्त ११. त्यावरून ४ आणि ७ कसे शोधणार? ५ आणि ६ ची बेरीजही ११ च होते! म्हणून जाणकार माणूस आधी कप्प्याचा क्रमांक दोनदा तपासतो. हे क्रमांक पुष्कळदा शून्यापासून सुरू होतात. चौथा कप्पा म्हणजे क्रमांक ३, हे विसरणाऱ्याची फसगत होते.

क्रमांक पटला, की कडी उघडून डिस्क इंचभर बाहेर ओढतात आणि अर्धा मिनिट थांबतात. आतील तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत असते, तिला थांबू द्यावे लागते. सर्व्हर मात्र बंद करावा लागत नाही. मग तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची नवी डिस्क सरकवून कडी लावतात. सर्व्हर हिशेब करून तिच्यावर हरवलेली माहिती पुन्हा लिहू लागतो. या कामाला कित्येक तास लागतात. तेवढ्यात दुसरी डिस्क बिघडली, तर वरची वजाबाकी चालत नाही. शिवाय कोणी चुकून माहिती पुसली, तर ती सगळीकडूनच पुसली जाते. म्हणून माहितीची एक नक्कल वेगळ्या जागी ठेवलेली असते.

काढलेली डिस्क तशीच भंगारात देत नाहीत. ती बिघडलेली असली, तरी तिच्यावर लोकांची माहिती असते. तिचे तुकडे करून मगच ती बाहेर देतात.