पाण्याचा एक घोट : पक्षाघाताच्या रुग्णांची शुश्रूषा

पक्षाघाताचा रुग्ण दाखल झाला की घरची माणसे हमखास विचारतात, "सिस्टर, सकाळपासून पोटात काही नाही. दोन घोट चहा पाजू का?" सिस्टरला 'नाही' म्हणावे लागते, आणि पहिला वाद तेथेच होतो. आपल्या वस्त्यांतील अनेक मुली परिचर्येचे शिक्षण घेतात. त्यांच्यासाठी, आणि रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या आपणा सर्वांसाठी, या 'नाही'मागचे कारण आम्ही येथे मांडीत आहोत.

घोट गिळताना ओठ, जीभ, टाळू व घसा यांचे स्नायू क्रमाने चालावे लागतात आणि त्याच क्षणी श्वासनलिकेचे तोंड झाकले जावे लागते. हे सारे मेंदू करवितो. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला की हा क्रम बिघडतो आणि पाणी श्वासनलिकेत उतरू शकते. निरोगी माणसाला ठसका लागतो. यातील कित्येक रुग्णांना तोही लागत नाही. वरून सर्व ठीक दिसते, पुढे ताप चढतो आणि न्यूमोनिया झाल्याचे कळते. पातळ पाणी, चहा झरकन घशाखाली घसरतो, म्हणून त्याचेच भय अधिक. हे पटविणे कठीण जाते, कारण आजाऱ्याला पाणी पाजणे म्हणजे माया, असेच आपण लहानपणापासून पाहत आलो.

म्हणून तोंडाने काही देण्यापूर्वी तपासणी करतात. रुग्ण पुरता जागा आहे काय, ताठ बसतो काय, हे पाहून प्रशिक्षित परिचारिका चमचाभर पाणी देते आणि त्याला बोलावयास लावते. आवाज ओलसर, घोगरा झाला की थांबायचे. मग नाकातून नळी. गोंधळलेला रुग्ण ती उपसून काढतो, ती पुन्हा घालावी लागते.

ही कामे किरकोळ समजली जातात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९ पक्षाघात विभागांत एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये २०११ साली आले. काही विभागांतील परिचारिकांनी पहिले तीन दिवस ताप, रक्तातील साखर आणि गिळणे यांवर ठरलेल्या पद्धतीने लक्ष ठेवले. नवे औषध नव्हते की यंत्र नव्हते. तीन महिन्यांनी मरण पावलेल्या वा परावलंबी झालेल्या रुग्णांचे प्रमाण तेथे ४२ टक्के होते, इतर विभागांत ५८ टक्के. शंभरामागे सोळा माणसांचा फरक!

दुसरी अडचण वाचेची. १८६१ मध्ये पॅरिसच्या डॉ. ब्रोका यांनी तपासलेला रुग्ण 'तान' एवढेच बोले. रागावला की शिवी मात्र बाहेर पडे. आपल्या वॉर्डांतही हेच दिसते. 'पाणी' हा शब्द सापडत नाही, शिवी सापडते, आणि ती अंगावर घेते ती कूस बदलायला आलेली सिस्टर. विद्यार्थिनींनी ती मनाला लावून घेऊ नये, असे आम्ही सांगतो. पण रात्रपाळीत, एकटीने दर दोन तासांनी रुग्ण वळविताना, हे सोपे नाही.

नातेवाइकांना मात्र नुसते 'नाही' सांगून निघून जाऊ नये. त्यांना ओला करून घट्ट पिळलेला कापसाचा बोळा द्यावा, रुग्णाचे ओठ व जीभ कशी पुसावयाची ते दाखवावे. तोंड स्वच्छ राहते, ओठ सुकत नाहीत, आणि उशाशी बसलेल्या आईच्या हाताला काम मिळते.