धाकट्या जावेला, न्यूयॉर्कला निघण्याआधी

कुंदा, लाडवांचं मागाहून बघू, आधी तिकीट घेऊन माझ्याजवळ बस. १२ तारीख, ०१:३० असं लिहिलंय ना? म्हणजे ११ तारखेच्या रात्री दहालाच तू विमानतळावर हवीस. आपल्या पंचांगात वार सूर्य उगवला की बदलतो, तिकिटावर तो मध्यरात्रीच बदलतो. पहिल्या खेपेला आमचे हे १२ तारखेला रात्री बॅगा घेऊन ऐटीत सहार विमानतळावर उतरले. विमान आदल्या रात्रीच गेलेलं! तेव्हा साताऱ्याहून दुपारीच निघा. घाटात गाड्या तुंबल्या तर विमान काही वाट बघत नाही.

भाऊजी मघापासून साडेबारा हजार किलोमीटर, साडेबारा हजार किलोमीटर म्हणून घोकताहेत. घोकू देत. आकडा बरोबर आहे, पण तू तास विचार. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसतं ना? पोरांचा पृथ्वीगोल घे आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धर. तो वर उत्तरेला, पार आइसलँडपाशी जातो. जवळची वाट तीच. अर्थात विमानाला तीच मिळेल असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आकाश बंद केलं, तेव्हा पश्चिमेकडच्या विमानांना वळसे पडले. त्यातून वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणून थेट विमानाला जाताना सोळाएक तास लागतात, येताना साधारण चौदा-साडेचौदा.

दुबईमार्गे स्वस्त पडतं म्हणून भाच्याने सुचवलंय, ते मी ऐकलं. अंतर जेमतेम चारशे किलोमीटरनं वाढतं, खरं आहे. पण मध्ये चार तास बाकावर, पुन्हा तपासणी, पुन्हा रांग. गुडघे तुझे आहेत, भाच्याचे नाहीत. शिवाय त्या वाटेनं गेलीस तर सामानात खसखस चुकूनही ठेवू नकोस, तिथे तिच्यावर बंदी आहे.

आता घड्याळ. तिकिटावर निघायची वेळ इथली, पोचायची तिथली. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. रात्री दीडला निघून त्याच सकाळी आठला उतरशील. साडेसहा तासांत अमेरिका आली म्हणून हुरळू नकोस, अंग सोळा तासांचा हिशेब मागतंच. येताना उलटं. दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबई. त्यातले साडेनऊ घड्याळाने खाल्लेले.

म्हणून मनगटावरचं घड्याळ प्रवासभर इथल्याच वेळेवर ठेव. रक्तदाबाची गोळी २४ तासांनी घ्यायची आहे, विमानातल्या उजेड-अंधारावर नाही. तिथे गेल्यावर वेळ कशी सरकवायची ते डॉक्टरांना आत्ताच विचार. गोळ्या हातातल्या पिशवीत. मेतकूट-लोणचं खुशाल मोठ्या बॅगेत जाऊ दे. दर दोन तासांनी उठून जरा फेरी मार, बसल्या बसल्या घोटे फिरव. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी पिणं टाळू नकोस. त्यासाठीच कडेची जागा मागून घे, खिडकीतून नुसते ढग दिसतात.

आणि उतरल्या उतरल्या फोन कर. तुझे सकाळचे आठ म्हणजे माझे संध्याकाळचे साडेपाच. चहा ठेवून फोनपाशीच बसलेली असेन.